भोंगा झाला तरी ठेवू नकोस

मित्रांनो, माझ्या पोटात कापूस आहे. हसू नका. उभे आयुष्य गादीच्या दुकानात काढले असते, तर तुमच्याही पोटात गेला असता. मी एक जुना टेलिफोन आहे. करड्या रंगाचा, बटणांचा, अंगावर स्पीकरची जाळी असलेला. त्या जाळीच्या भोकांतून कापसाचे तंतू आत शिरले, ते कायमचेच. त्यामुळे माझ्यातून येणारा प्रत्येक आवाज जरासा मऊ येतो. समोरचे गिऱ्हाईक कितीही तापलेले असो, ते उशीत तोंड खुपसून बोलत आहे असेच वाटते. दुकानदारीत या गुणाचा फार उपयोग झाला.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. एका बाईने माझ्या पोटात तारा जोडल्या, दुसरीने बटणे बसवली आणि तिसरीने रिसीव्हर कानाला लावून मला विचारले, "हॅलो, ऐकू येतंय का?" मला ऐकू येत होते. तेव्हापासून मी ऐकतोच आहे.

मला दादाने विकत घेतले. दादा कोण ते आधी सांगतो, कारण ही गोष्ट त्याच्या शेवटच्या फेरीची आहे. दादाचे आईवडील लवकर गेले. मागे धाकटी बहीण राहिली. तिने गादीचे काम शिकावे आणि स्वतःच्या पायावर उभे राहावे, असा त्याचा हट्ट होता. त्यासाठी मिसरूड फुटायच्या आत तो दूरच्या एका बंदरावर कामाला गेला. बंदराच्या या काठावरून त्या काठावर माणसे नेणारी एक फेरीबोट होती. तिच्यावर तो आधी दोर ओढू लागला, मग इंजिनाजवळ गेला आणि पुढे तिचा कप्तान झाला. बहिणीने दुकान टाकले त्या दिवशी त्याला येता आले नाही. बोट बंद ठेवता येत नव्हती. त्याने मला पाठवले. माझ्या खोक्यावर त्याने लिहिले होते, 'मी येत नाही, आवाज येईल.'

या बहिणीला सगळी गल्ली घाईबाई म्हणते. नाव ठेवणाऱ्यांचा काही दोष नाही. हिवाळा यायच्या कितीतरी आधी हिच्या रजया शिवून तयार. पाहुणे संध्याकाळी येणार असतील, तर ही दुपारपासून दारात. तिच्या नवऱ्याला गल्ली निवांतराव म्हणते, आणि तेही नाव बिनचूक आहे. निवांतराव उशा भरतात. कापूस मुठीत घेऊन, मोकळा करून, कोपऱ्यात ढकलून, पुन्हा बाहेर काढून. त्यांची एक उशी होईपर्यंत घाईबाईची अख्खी गादी टाचून होते. पण त्यांची उशी वर्षानुवर्षे गोळा होत नाही, हे खुद्द घाईबाई कबूल करते. अर्थात ते ऐकत नसताना.

दर आठवड्याला दादाचा फोन येई. धक्क्यावरच्या टपरीतून, दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात. घाईबाई रिसीव्हर खांद्यात धरून बोलत राही आणि हातातले दाभण चालूच ठेवी. कुठले गिऱ्हाईक काय म्हणाले, कोणाची गादी ढेकणांसकट परत आली, सगळे एका दमात. मग पलीकडे बोट सुटायचा भोंगा वाजे. दादा म्हणे, "भोंगा झाला गं. उरलेलं पुढच्या वेळी." खट्ट. घाईबाईचे वाक्य अर्धेच राही. मित्रांनो, त्या भोंग्याचा मला फार राग यायचा. भावाबहिणीचे एकही बोलणे त्याने कधी पुरे होऊ दिले नाही.

ते माझे भरभराटीचे दिवस होते. वसतिगृहांच्या, दवाखान्यांच्या ऑर्डरी माझ्यावरून येत. घाईबाई मला मऊ कापडाने पुसायची आणि सांगायची, "हा फोन नाही, माझा उजवा हात आहे." मग मोबाइल आला. आधी तो माझ्या शेजारी बसला, मग माझ्या जागी बसला आणि एके दिवशी मी माझ्या जुन्या खोक्यात गेलो. वर चिंध्यांचे गाठोडे आले. खोके फळीखाली सरकवले गेले. माझी लाइन मात्र तुटली नाही. ती बंद करून आणायचे काम निवांतरावांकडे होते आणि ते म्हणाले होते, "उद्या बघू." त्यांचा उद्या अजून उगवलेला नाही.

खोक्यात डोळे मिटले, तरी कान शाबूत होते. म्हणून पुढची हकिकत मला ठाऊक आहे.

दादाच्या निवृत्तीची तारीख ठरलेलीच होती. नोकरीला लागतो त्या दिवशीच ती तारीख ठरते. त्या फेरीबोटीवर कामगारांची एक रीत आहे. निवृत्त होणाऱ्या कप्तानाची शेवटची फेरी काठाला लागली, दोर बांधून झाला, की एक लांब भोंगा वाजवतात. तो कप्तान वाजवत नाही, त्याच्या घरचे माणूस वाजवते. दादाने लग्न केले नाही. त्याच्या घरचे माणूस एकच, घाईबाई. आणि तिने आपल्या भावाची बोट आजवर डोळ्यांनी पाहिली नव्हती. कधी मोठी ऑर्डर, कधी आजारपण, कधी दुकानात पाणी. काही ना काही आडवे आले होते.

"या वेळी काहीही आडवं येऊ देणार नाही," ती म्हणाली, आणि विमान कंपनीने त्या तारखेची तिकिटे विकायला काढली त्याच सकाळी तिने तिकीट काढून टाकले. निघायला जवळजवळ वर्ष होते. गल्लीला विषयच मिळाला. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," असे समोरचा न्हावी दारात उभा राहून म्हणाला. निवांतराव म्हणाले, "अगं, विमान तरी बांधून झालंय का?" घाईबाईने लक्ष दिले नाही. एकच तिकीट होते, कारण दुकान उघडे ठेवायला कोणीतरी हवे. दोन विमाने होती. मधल्या एका शहरात उतरून दुसरे पकडायचे आणि आदल्या रात्री बंदरावर पोहोचायचे. दादाची शेवटची फेरी दुसऱ्या दिवशी सकाळची.

आता तिच्या धंद्यातली एक सवय सांगितली पाहिजे, कारण सगळा घोळ तिच्यामुळे झाला. गिऱ्हाईक माप बदलून सांगते, कापड बदलून सांगते. घाईबाई त्याचे वाक्य संपायच्या आत "चालेल" म्हणून मोकळी होते आणि मग कात्री घेऊन ते चालवून दाखवते. गादीचे तसे असते. कापूस इकडचा तिकडे सरकवता येतो, शिवण उसवून पुन्हा घालता येते. चालेल म्हणण्यात तिची सगळी दुकानदारी होती आणि गिऱ्हाइके त्यावरच खूश होती.

तिकीट काढून दोनेक महिने होतात न होतात, तोच विमान कंपनीचा निरोप मोबाइलवर आला. पहिल्या विमानाची वेळ थोडी बदलली आहे, मान्य असल्यास बटण दाबा. घाईबाईने दाबले. पुन्हा निरोप आला. तिने पुन्हा दाबले. कधी पहिले विमान पुढे जाई, कधी दुसरे मागे येई. ती वेळेवर एक नजर टाकी, "चालेल" म्हणे आणि बटण दाबून पुन्हा दाभण हातात घेई. कोणी काही विचारले आणि आपण उत्तर दिले नाही, हे तिला शोभणारे नव्हते.

एका दुपारी उशा भरून झाल्या म्हणून निवांतराव मोबाइल घेऊन बसले. त्यांना वाचायला दुसरे काही नव्हते, म्हणून ते तिचे तिकीट वाचू लागले. ते वाचतातही उशी भरल्यासारखे, अक्षर अक्षर मोकळे करून.

"अगं," ते म्हणाले, "दुसरं विमान सकाळचं झालंय, ते तू बघितलंस ना?"

"बघितलं. संध्याकाळी आठऐवजी सकाळी आठ. लवकरच झालं की!"

"लवकर कसं? पहिलं विमान दुपारचं आहे. ही सकाळ दुसऱ्या दिवशीची आहे. तारीख बघ."

घाईबाईचे दाभण गादीत तसेच रुतून राहिले. मी इतकी वर्षे त्या दुकानात होतो, पण तिचा हात अर्ध्या टाक्यावर थांबलेला कधी ऐकला नव्हता. ती दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचणार होती. तोपर्यंत दादाची फेरी संपलेली असणार होती. आणि या बदलाला तिने स्वतःच्या बोटाने मान्यता दिली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तिने मोबाइल स्पीकरवर टाकून दादाला सांगितले. तो पटकन म्हणाला, "असू दे गं. इंजिनवाला वाजवेल भोंगा. तू दुपारी ये, आपण निवांत जेवू." तो फारच पटकन म्हणाला. दादा सावकाश बोलणारा माणूस आहे. त्याचे मन खट्टू झाले होते, हे मला चिंध्यांच्या गाठोड्याखालीही कळले.

घाईबाईलाही कळले. "इंजिनवाला तुझ्या घरचा आहे का?" ती म्हणाली. "मी येणार. शेंडी तुटो की पारंबी तुटो."

निवांतरावांनी पदरी पडले पवित्र झाले, वगैरे म्हणून पाहिले. नवे तिकीट काढायचे, तर त्याचा भाव आता ऐकवेनासा झाला होता. "आणि मी का काढू?" घाईबाई म्हणाली. "वेळ मी बदलली का? त्यांनी बदलली. दाबलं ती माझी चूक, पण बदललं ते त्यांनी." तिने विमान कंपनीला मोबाइलवरून फोन लावला. पण दुकानाला पत्र्याचे छप्पर, मागच्या बाजूला भिंत. धून वाजू लागायची, जरा वेळ चालायची आणि फोन तुटायचा. मग पुन्हा पहिल्यापासून. बाहेर रस्त्यावर उभे राहावे, तर ट्रकांचा आवाज. तीनदा तुटल्यावर ती फळीसमोर येऊन उभी राहिली. गाठोडे बाजूला झाले. खोके उघडले. माझ्या अंगावर उजेड पडला, मित्रांनो, आणि त्या उजेडात तिचा चेहरा पाहून मला समजले की आता आपल्याला पुन्हा कामाला लागायचे आहे.

"लाइन चालू आहे का हो याची?" तिने विचारले.

"मी बंदच कुठे केली?" निवांतराव म्हणाले. त्यांच्या आळसाचे असे कौतुक त्या दुकानात प्रथमच झाले.

तिने माझी जाळी जुन्या ब्रशाने झाडली, स्पीकर लावला आणि नंबर फिरवला. धून सुरू झाली. तीच ती धून, संपते म्हणता म्हणता पुन्हा सुरू होणारी. मधेच एक गोड आवाज सांगायचा की तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. निवांतराव म्हणाले, "महत्त्वाचा आहे म्हणूनच जपून ठेवलाय. उचलून खराब कशाला करायचा?" घाईबाई हसली नाही. ती माझ्या शेजारी जमिनीवर बसली आणि गादी टाचू लागली. वसतिगृहाच्या कारभारीणबाई फोन सारखा गुंतलेला म्हणून तणतणत दुकानात आल्या. घाईबाईने ओठांवर बोट ठेवले आणि माझ्याकडे खूण केली. बाई चवड्यांवर आत आल्या, कानात माप सांगून चवड्यांवर परत गेल्या.

अखेर पलीकडे एक मुलगी बोलली. तिचा घसा पार बसला होता.

"मॅडम, तुम्ही हा बदल मान्य केलेला दिसतोय."

"केला. न वाचता केला. आता मला आदल्या दिवशी पोचायचंय."

"मान्य केल्यावर मला इथून काही करता येत नाही, मॅडम. नवीन तिकीट..."

"नवीन तिकीट नको. सकाळी माझ्या भावाची शेवटची फेरी आहे. बोटीवरची. मी दुपारी पोचून काय त्याचा रिकामा धक्का बघू?" एवढे बोलून घाईबाई थांबली. मग म्हणाली, "घसा बसलाय का गं तुझा?"

"सकाळपासून बोलतेय."

"कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या कर. आणि जरा गप्प बसत जा मधूनमधून."

"गप्प बसले तर कामावरून काढतील, काकू."

मॅडमची काकू झाली तेव्हाच मी कान टवकारले. मुलीने आवाज आणखी खाली आणला. "काकू, एक सांगते. तुमच्या तारखेला अजून बराच अवकाश आहे. ही वेळापत्रकं अजून हलणार. पुढचा मोठा बदल आला, की काहीच दाबू नका. मान्य नाही, रद्द नाही, काही नाही. आधी फोन करा. तुम्ही काही दाबलेलं नसलं, की आम्हाला दुसरं विमान देता येतं. एकदा दाबलंत, की आमचे हात बांधलेले."

"म्हणजे नुसतं बसून राहायचं?"

"हो."

"तेच तर मला येत नाही."

मागून उशी भरता भरता निवांतराव म्हणाले, "मला येतं."

आणि तिचा मोबाइल त्या दिवसापासून त्यांच्याकडे गेला. ते ज्या उशीवर बसत, तिच्याखाली तो ठेवलेला असे. निरोपाचा आवाज झाला, की घाईबाईची बोटे वळवळत. एकदा अगदीच किरकोळ बदल आला. तिने माझ्यावरून फोन लावला, तासभर धून ऐकली आणि उत्तर मिळाले की एवढ्याशा बदलाला दुसरे विमान मिळत नाही. "बरं," ती म्हणाली आणि ठेवून दिला. दाबले मात्र काही नाही. तिने कानाला खडा लावला होता.

पण ती हातावर हात ठेवून बसली नाही. त्या कंपनीचे कोणते विमान कोणत्या दिवशी कुठून कुठे जाते, हे तिने निवांतरावांकडून वाचून घेऊन पाठ केले. गादी टाचताना ती तोंडाने विमाने घोकत असे. एक गिऱ्हाईक घाबरून विचारून गेले, की दुकान विकून निघालात की काय. एक वाट तिला सापडली होती. एक दिवस आधी निघायचे, मधल्या शहराच्या विमानतळावर रात्र काढायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्याच विमानाने पुढे जायचे. म्हणजे शेवटच्या फेरीच्या आदल्या दिवशी दुपारी बंदरावर. त्या विमानात जागा होत्या. फक्त मागायला निमित्त हवे होते.

निमित्त एका पावसाळी दुपारी आले. निवांतराव उशीवरून उठले, म्हणजे काहीतरी मोठे झाले असणार, हे मी ओळखले. पहिले विमान रद्द झाले होते. त्याऐवजी दिलेले विमान दुसऱ्या दिवशीचे होते, आणि ते मधल्या शहरात उतरायच्या आत तिचे दुसरे विमान उडून जाणार होते. म्हणजे एकातून उतरून दुसऱ्याला खालून हात करायचा! निवांतरावांचा चेहरा पडला. घाईबाई मात्र टाळी वाजवून उठली.

"बिघडलं! अहो, एकदाचं पुरतं बिघडलं! आता यांना सुधारून द्यावंच लागेल."

मला पुढे ओढले गेले. नंबर फिरला. धून सुरू झाली आणि लगेच माझ्या पोटात खरखर झाली. माझी तार भिंतीवरच्या डबीत जिथे जाते, तिथली खाच झिजली होती. इतक्या दिवसांच्या ओढाताणीत ती सैल झाली होती. आवाज गेला, आला, पुन्हा गेला. मी जीव एकवटला, पण तारेवाचून फोन काय करणार? मग निवांतराव भिंतीशी मांडी घालून बसले. त्यांनी तार अंगठ्याने डबीवर दाबून धरली. आवाज स्वच्छ झाला. अंगठा जरा हलला की खरखर. म्हणून ते हललेच नाहीत. हलवायचे नाही, उठायचे नाही, कंटाळायचे नाही. हे काम घाईबाईला जन्मात जमले नसते. कापसाचा एक तंतू त्यांच्या नाकाशी येऊन तरंगू लागला. त्यांना शिंक यायला लागली. त्यांनी डोळे मिटले, ओठ आवळले, चेहरा लालबुंद झाला. शिंक आली तशी परत गेली. अंगठा जागेवर होता.

या वेळी पलीकडे एक पुरुष होता. आवाज इस्त्री केलेल्या चादरीसारखा, कुठे सुरकुती नाही.

"मॅडम, आम्ही तुम्हाला दोन दिवसांनंतरचं विमान देऊ शकतो."

"नको. मला एक दिवस आधीचं द्या." आणि तिने घोकलेली दोन्ही विमाने त्याला वेळांसकट म्हणून दाखवली.

"मॅडम, आपण आधीचे बदल मान्य केले होते."

"तेव्हाचे केले होते. आजचा केलेला नाही. बघा, मी काही दाबलंय का?"

पलीकडे टकटक झाली. "नाही," तो म्हणाला. "पण मॅडम, या मार्गात तुम्हाला अख्खी रात्र विमानतळावर काढावी लागेल. हॉटेलची सोय होणार नाही."

"मी गाद्या शिवते, साहेब. उशी माझी मी आणते."

मग त्या चादरीला पहिली सुरकुती पडली. तो हसला. "थांबा हं, लाइनवर राहा," तो म्हणाला आणि पुन्हा धून लागली. घाईबाई उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. तिने दाभण हातात घेतले आणि दोरा न ओवताच टाके घालू लागली. निवांतराव भिंतीशी तसेच बसून होते. त्यांच्या अंगठ्याचे नख पांढरे झाले होते.

"जागा मिळाली आहे," तो परत येऊन म्हणाला. "खिडकीची मात्र नाही."

"खिडकी नको. मला बंदर बघायचंय."

"नवीन तिकीट पाठवलंय. एकदा तपासून मान्य दाबा."

मित्रांनो, हे बटण दाबताना घाईबाईने जितका वेळ घेतला, तितका तिने आयुष्यात कशालाच घेतला नसेल. "अहो, वाचा," ती म्हणाली. निवांतरावांनी एका हाताने तार धरून दुसऱ्या हातात मोबाइल घेतला आणि वाचले. तारीख, वार, सकाळ की संध्याकाळ, कुठून, कुठे. "पुन्हा वाचा," ती म्हणाली. त्यांनी पुन्हा वाचले. तो इस्त्रीवाला पलीकडे शांतपणे थांबला होता. मग तिने दाबले. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. निवांतरावांनी अंगठा काढला, मी खरखरलो, आणि त्यांनी मनसोक्त शिंकून घेतले.

निघायच्या दिवशी ती विमानतळावर इतक्या लवकर गेली, की तिथला पहारेकरी तिला तिथेच कामाला असलेली बाई समजला. हे तिने दुसऱ्या दिवशी मधल्या शहरातून कळवले. रात्र खुर्चीवर गेली, पण उशी निवांतरावांनी भरलेली होती, त्यामुळे मान धरली नाही. दुकानात निवांतराव आणि मी दोघेच होतो. त्यांनी माझी तार आधीच डबीत बसवून वर पाचर ठोकली होती. तरीही त्या शेवटच्या सकाळी ते भिंतीशी जाऊन बसले आणि अंगठा ठेवला. म्हणाले, "असू दे."

मी वाजलो. कित्येक वर्षांनी मी असा खणखणीत वाजलो. घाईबाईचा आवाज होता, पण त्याच्या मागे पाणी होते, माणसे होती, इंजिनाची धडधड होती.

"अहो, दादा म्हणाला, तुमच्या मोबाइलवर नको, त्या जुन्या फोनवरच लाव. काठाला लागलोय आम्ही. दोर बांधतायत. अहो, केवढी मोठी आहे बोट! मला वाटलं होतं, होडीएवढी असेल. आणि दादा किती पिकलाय हो, पण सुकाणूवर उभा राहिला की..." तिचे वाक्य अर्धेच राहिले. कोणीतरी तिला हाक मारली होती. मग भोंगा वाजला. लांब, खोल, पुन्हा लांब. माझ्या पोटातला कापूससुद्धा थरारला. तो भोंगा घाईबाईने ओढला होता, आणि तिने तो मुळीच घाईने ओढला नाही. निवांतराव डोळे पुसत होते, अर्थात दुसऱ्या हाताने.

भोंगा थांबला. आता काय होणार ते मला ठाऊक होते. इतकी वर्षे तेच होत आले होते. मी त्या खट्ट आवाजाची वाट पाहिली. तो आला नाही.

"भोंगा झाला," तिच्या शेजारून दादाचा आवाज आला, अगदी सावकाश. "पण आता फोन ठेवू नकोस. मला कुठे जायचं नाही. हं, बोल. काय सांगत होतीस?"

जिची वाक्ये आयुष्यभर अर्धी राहिली, तिला आता सगळी पुरी करायला वेळ मिळाला होता, आणि ती नुसती रडत होती. मग हळूहळू ती बोलू लागली.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे. मला एवढेच सांगायचे आहे. कोणी 'मान्य' विचारले तर आधी सावकाश वाचा आणि मगच बोट उचला. आपल्या माणसाकडे पोहोचायचे असेल आणि लाइन धरून बसावे लागले, तर कंटाळू नका, धरून बसा. आणि तुमच्या घरात फळीखाली माझ्यासारखे कोणी पडले असेल, तर वरचे गाठोडे एकदा बाजूला करा. जाळी झाडून बघा. त्याचे कान शाबूत असतील.

आता मी थांबतो. बोलणे दोघांचे आहे, माझे नाही. पलीकडे घाईबाई गिऱ्हाइकांच्या कागाळ्या सांगते आहे आणि दादा हसतो आहे. उरलेले पुढच्या वेळी, असे अजून कोणी म्हटलेले नाही. निवांतरावांनी तार धरून ठेवली आहे.